पाय ठेवायचा चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. चौरंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे केळीचे खांब येतील, कलश येईल, प्रसादाचा शिरा येईल. मित्रांनो, माझ्या वाट्याला यातलं काही आलं नाही. माझ्यावर आयुष्यभर मुलांनी पाय ठेवले. मला त्यासाठीच घडवलं होतं.

साताऱ्यात एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत चित्रांचं एक लहानसं दालन आहे. तिथे मी राहतो. माझी गोष्ट सुताराच्या अंगणापासून सुरू व्हायला हवी, हे मला माहीत आहे. पण मला एका जागी ठरता येत नाही, तसं माझ्या मनालाही येत नाही. ते सारखं एका बुधवाराकडे धावतं. म्हणून आधी तो बुधवार सांगतो.

त्या बुधवारी विशेष काही घडलं नाही. सकाळी उंब्रजच्या शाळेची मुलं येऊन गेली होती. माझ्या पाठीवर त्यांच्या पायांची धूळ तशीच होती. दालनाची झाडलोट करणारी चंद्राबाई दारात बसून शेंगा सोलत होती. आकाराम मास्तर खिडक्या लावत होते. मास्तर म्हणजे शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेले आणि निवृत्त झाल्यावर दालनात येणाऱ्या मुलांचं सगळं बघणारे गृहस्थ. त्यांची मुलगी क्रांती त्या दिवशी तिथे होती. ती सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवते. दोन दिवसांची रजा काढून आली होती आणि आता निघाली होती. खांद्याला पिशवी, नजर घड्याळावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा.

"चढतीस का?" मास्तरांनी माझ्याकडे बघत विचारलं आणि हात पुढे केला.

"आबा, साडेतीनची गाडी आहे."

"लय वेळ हाय अजून."

"कऱ्हाडला गर्दी होते मग. पुढच्या खेपेला चढते."

"बरं. फुडच्या खेपंला."

चंद्राबाईने शेंग फोडता फोडता तोंड उघडलं. "मास्तर, आख्ख्या जिल्ह्याची पोरं चढवलीसा. घरचं येक पोर तेवढं चढंना व्हय तुमच्यानं?"

"चढली हुती की. सगळ्यांच्या आधी तीच चढली हुती."

"मग काय दिसलं तिला?"

"ते सांगायचं ऱ्हायलंय तिचं."

क्रांती थोडं हसली. तिच्या चपला व्हरांड्यात होत्या. मास्तरांनी त्या केव्हाच फिरवून ठेवल्या होत्या, पाय घालून सरळ चालू लागता यावं अशा, बाहेर तोंड करून. ती निघाली तसं त्यांनी काठीला बांधलेलं फडकं उचललं आणि दाराकडे पाठ करून एका चौकटीची धूळ पुसायला लागले. ती निघताना ते नेहमी असंच काहीतरी काम काढायचे. व्हरांड्यात तिची पावलं क्षणभर थांबली. मग गेली.

गुरुवारी सकाळी मास्तर फलटणच्या गाडीत बसले. तिथल्या एका शाळेला दालन बघायला या म्हणून सांगायला ते निघाले होते. फलटणला सगळे उतरले, मास्तर बसूनच राहिले. कंडक्टरला वाटलं, बाबांना डुलकी लागली असेल.

हे मला चंद्राबाईच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवशी तिने केर काढला नाही. उंब्रजच्या मुलांची धूळ माझ्या पाठीवर आणखी बरेच दिवस राहिली.

आता मी जन्मलो कसा ते ऐका. त्याला कारण एक कुंकवाचं बोट झालं.

दालनात पूर्वी चित्रं खाली, माणसाच्या डोळ्यांसमोर लावलेली असत. एका बाजाराच्या दिवशी साळूबाई नावाची बाई मेथीची पाटी व्हरांड्यात ठेवून आत आली. तिथे कळशी घेतलेल्या एका स्त्रीचं चित्र होतं. साळूबाईने आपल्या कपाळावरचं थोडं कुंकू बोटावर घेतलं आणि त्या स्त्रीच्या कपाळाला लावलं. सगळे धावले. ती शांतपणे म्हणाली, "बाईमानूस हाय. मोकळं कपाळ बरं दिसतंय व्हय?"

कुंकू पुसून निघालं, पण दालन चालवणाऱ्या मंडळाचे सचिव दादासो घाबरले. माणूस वाईट नव्हता. त्यांना चित्रांची काळजी होती. त्यांनी सगळी चित्रं वर चढवली, कुणाचा हात पोचणार नाही इतकी वर. चित्रं सुरक्षित झाली आणि मुलांना दिसेनाशी झाली. चौकटी जुन्या पद्धतीच्या, खोल. खालून पाहिलं की चौकटीचा काठच चित्राचा तळ झाकून टाकायचा. मुलं मान वर करून फिरायची, मान दुखली की गोट्या काढायची.

मास्तर त्या वर्षी नुकतेच निवृत्त होऊन दालनात येऊ लागले होते. सन एक्याण्णव. चित्रं खाली आणा म्हणून त्यांनी दादासोंना सांगून पाहिलं. दादासो म्हणाले, "चित्रं खाली येणार नाहीत, मास्तर. पोरं वर नेता आली तर बघा."

मास्तरांनी हे शब्दशः घेतलं. ते उंब्रजला केरबा सुताराकडे गेले. मुलांना उभं राहता येईल असं भक्कम काहीतरी करून दे, म्हणाले. केरबाने मान हलवली आणि मला घडवलं. चार कातीव पाय, कडेला कमळाच्या पाकळ्या, चारी कोपऱ्यांत फुलं. मास्तर न्यायला आले आणि बघतच राहिले.

"केरबा, हा तर चौरंग झाला की गड्या."

"मग? आमच्या हाताला दुसरं काय येतंय? चौरंग न्हाईतर बैलगाडी. गाडी पायजे हुती का?"

"आणि हा चौथा पाय काळा कशानं?"

"सागाचा कातताना तडाकला. म्हनून बाभळीचा घातलाय. लाकूड काय, समदं येकच."

सगळं एकच नव्हतं. माझे तीन पाय सागाचे, चौथा बाभळीचा. पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्यामुळे मी कधी नीट टेकलोच नाही. कुणी पाय ठेवला की मी डुगडुगायचो. मला माझीच लाज वाटायची.

पहिल्या बुधवारी एका खेड्यातल्या शाळेची मुलं आली. मास्तरांनी मला एका चित्राखाली ठेवलं. त्या चित्राचं नाव 'दुपार'. एक बाई मांडीवर सूप घेऊन बसली आहे. तिची पाठ दाराकडे आहे, तोंड भिंतीकडे. दार अर्धं उघडं आणि त्यातून उन्हाचा एक पट्टा आत आलेला. खालून दिसायचं ते इतकंच.

"या, एकेक जण वर चढा," मास्तर म्हणाले.

कुणी हललं नाही. एका मुलीने मला पाहून हात जोडले. तिच्यामागे सगळ्यांनी जोडले.

"अगं, उभं ऱ्हायाचंय त्याच्यावर."

"चौरंगावर? आई मारंल."

मास्तरांनी समजावलं की याच्यावर कधी पूजा मांडलेली नाही, हे नुसतं लाकूड आहे. मुलं एकमेकांच्या मागे लपू लागली. तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले गुरुजी हसून म्हणाले, "मास्तर, तुमच्यात चालत असेल. आमच्या पोरांच्या घरी हे चालायचं नाही."

मास्तरांनी छप्पन साली, शिक्षकाची नवी नोकरी लागलेली असताना, बुद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गुरुजींच्या बोलण्याचा रोख मुलांना कळला नसेल, मोठ्यांना कळला.  मास्तर खाली वाकून माझ्या पायाखाली कागदाची घडी सरकवत राहिले.

क्रांती त्या दिवशी तिथेच होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. सांगलीच्या कॉलेजात शिकत होती आणि दुपारच्या गाडीने वसतिगृहावर परतणार होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, घरी बापलेक दोघंच. ती कोपऱ्यातून चालत आली आणि थेट माझ्यावर चढली. मी जोरात डुगडुगलो. मास्तरांनी झटकन तिचा हात धरला.

मित्रांनो, माझ्यावर पडलेलं ते पहिलं पाऊल. ते रागाने पडलं होतं, हे माझ्या पाठीला कळलं.

पण मग ते पाऊल सैल झालं. ती चित्र बघत होती. खालून न दिसणारा चित्राचा तळ तिला आता दिसत होता. तिने मास्तरांचा हात घट्ट धरल्याचं मला जाणवलं, कारण तिचा सगळा भार त्या बाजूला गेला.

"काय दिसतं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

 मग तिने मागे, गुरुजींकडे पाहिलं. आणि खणखणीत आवाजात सांगू लागली. हे तैलचित्र आहे. प्रकाश उजवीकडून येतो. चित्रकाराने छायेत निळा रंग वापरला आहे. यथार्थ शैली, पाश्चात्त्य शिक्षणाचा परिणाम. आणखीही बरंच. एका शब्दाला ती अडली नाही. गुरुजींचं हसू मावळलं. आकाराम मास्तरांची मुलगी किती शिकली आहे, हे तिला त्यांना ऐकवायचं होतं, आणि तिने ते ऐकवलं.

ती खाली उतरली तरी मुलं माझ्याजवळ यायला तयार नव्हती. तेवढ्यात धनाजी नावाचा एक मुलगा पुढे आला. त्याचे वडील गावच्या तालमीत पैलवान. तो म्हणाला, "आमच्या तालमीत बी आधी मातीला पाया पडत्यात आन् मग तिच्यावर पाय ठेवत्यात. न्हाईतर कुस्ती कशी व्हायाची?" त्याने वाकून मला हात लावला, तो कपाळाला नेला आणि एका उडीत वर चढला.

झालं. एकामागून एक सगळी चढली. आधी नमस्कार, मग पाय. मास्तरांनी त्यांना कधी अडवलं नाही. त्या दिवसापासून दालनाची तीच रीत पडली.

मुलं माझ्यावर रमली असताना मास्तर व्हरांड्यात गेले आणि तिथल्या चपला फिरवून ठेवू लागले. सगळ्या पोरांच्या. त्यांत गुरुजींच्याही. चंद्राबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, पोरांच्या चपला फिरवत बसलाय व्हय? काय जावई हायती का ते?"

"पावणं हायती," मास्तर म्हणाले.

मुलं गेल्यावर क्रांती पिशवी घेऊन निघाली. तिच्याही चपला फिरवलेल्या होत्या. मास्तर तिला म्हणाले, "मघाशी जे बोललीस ते त्या गुरुजींना सांगितलंस. मला कवा सांगनार?"

"काय?"

"तुला काय दिसलं ते."

ती दारात थांबली. मास्तर तिच्याकडे पाठ करून काठीच्या फडक्याने 'दुपार'ची चौकट पुसू लागले होते. तिचं तोंड उघडलं होतं, मला दिसत होतं. मग ती चपला घालून गेली.

त्यानंतरची वर्षं माझी फार धावपळीची गेली. बुधवार शाळांचा, बाजाराचा दिवस बायकांचा. फलटण, वाई, उंब्रज, कुठून कुठून मुलं यायची. मी या चित्राखालून त्या चित्राखाली सरकत राहायचो. माझ्या चौथ्या पायाच्या जागी नवीन पाय बसवून द्यायला केरबा कितीदा तयार झाला, पण मास्तरांनी नको म्हटलं.

"ह्यो डुगडुगतोय ते बरं हाय," ते म्हणायचे. "येकट्याला चढता येत न्हाई. दुसऱ्यानं धरावं लागतंय."

त्यांनी त्यातून एक पद्धतच काढली. मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाने चढून बघायचं, दुसऱ्याने खालून हात धरायचा आणि विचारायचं, काय दिसतं? चढणारा सांगेल ते धरणाऱ्याने खरं मानायचं. मग जागा बदलायच्या. भांडलेली मुलं मास्तर मुद्दाम एका जोडीत घालायचे. हात सोडला तर पडशील आणि खोटं सांगितलंस तर तोही तुला खोटंच सांगेल, एवढा एकच नियम. स्वतः मास्तर चित्राबद्दल काही सांगायचे नाहीत. त्यामुळे कित्येक शिक्षकांना वाटायचं, या माणसाला काही येत नाही.

'दुपार'खाली सगळ्यात जास्त वेळ जायचा. कारण चढलं की उंबऱ्यावर ठेवलेल्या पुरुषाच्या चपला दिसायच्या. बाहेर तोंड केलेल्या.

"कोन तरी आत हाय."

"आत हाय तर दिसत का न्हाई?"

"निघालाय तो. चपला बग की कशा हायत्या."

"तिनंच फिरवून ठेवल्यात. मास्तर आपल्या ठेवत्यात तशा."

"मग ती बगत का न्हाई तिकडं?"

या प्रश्नाला प्रत्येक बुधवारी नवं उत्तर मिळायचं. तिला राग आलाय. तिला झोप लागलीये. ती बहिरी आहे, चाहूल लागत नाही. वाईची रंगूबाई बाजाराच्या दिवशी कांदे विकून यायची. गुडघे दुखायचे, तरी चढायची. ती म्हणाली, "सुपात काय निवडत न्हाई ही. नुसतं धरून बसलीया. हात थांबल्यात तिचं."  त्यावर एकीने डोळ्यांना पदर लावला आणि दुसरी तिला म्हणाली, "रडतीस काय, चित्र हाय ते."

मी एकदा सांगलीलाही जाऊन आलो. चौऱ्याण्णव साली तिथल्या एका शाळेच्या सभागृहात दालनाच्या काही चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. मला एस्टीच्या टपावर बांधलं होतं. उंब्रज गेलं, कऱ्हाड गेलं, दोन्हीकडे ऊस, आणि वर मी, पाय आभाळाकडे करून. सांगलीत माझं कौतुक झालं. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला, म्हणजे माझ्यावर उभ्या असलेल्या मुलीचा. समारोपाला क्रांतीने भाषण केलं. तेव्हा ती एम. ए. करत होती. चित्रातील अवकाश आणि स्त्रीची प्रतिमा, असं काहीतरी. टाळ्या खूप पडल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

सभागृह रिकामं झाल्यावर ते तिला म्हणाले, "चांगलं बोललीस. पुस्तकं पचवलीयास."

"पण?"

"पण काय न्हाई."

"आबा, तुमचा 'पण' मला इथून ऐकू येतो."

मास्तर हसले. त्यांनी मला तिच्या पायाशी सरकवलं आणि हात पुढे केला. ती म्हणाली, "इथे नको. लोक आहेत." लोक नव्हते. सतरंज्या गुंडाळणारे दोघं होते फक्त.

असं ते चाललं. तिने दर खेपेला काहीतरी कारण काढलं. गाडी, गर्दी, डोकेदुखी. जिल्ह्यातल्या पोराबाळांनी मास्तरांना काय दिसतं ते सांगितलं. एकीनेच सांगितलं नाही, आणि मास्तरांना तिचंच ऐकायचं होतं. मला वाटायचं, आज ती चढेल. मी डुगडुगत वाट बघायचो.

मग तो बुधवार आला. तो मी तुम्हाला सांगितला आहे.

मास्तर गेल्यावर शाळा यायच्या बंद झाल्या नाहीत. पण जोड्या लावणारं कुणी राहिलं नाही. मुलं रांगेत, हात मागे बांधून, एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर. त्यांच्या चपलांची व्हरांड्यात खिचडी व्हायची आणि जाताना मारामारी. एक मुलगा माझ्यावरून पडला, फार लागलं नाही, पण दादासोंनी मला भिंतीकडे सारलं. काही महिने माझ्यावर पाण्याचा माठ होता. माठ पाझरायचा. माझ्या कमळाच्या पाकळ्या काळ्या पडल्या. मित्रांनो, मला त्या माठाचा राग नव्हता. तहानलेल्यांच्या उपयोगी पडत होतो. पण माठ कुणाला काही विचारत नाही.

नंतर दादासोंनी माझा बाभळीचा पाय काढून तिथे सागाचा बसवला आणि वर लोखंडी पट्टी ठोकली. चांगल्या मनानेच केलं. जन्मात पहिल्यांदा मी जमिनीवर चारी पायांनी टेकलो, आणि कधी नव्हती इतकी तगमग सुरू झाली. पूर्वी ती पायांत होती, आता आत कुठेतरी गेली आणि तिला बाहेर यायला वाट नव्हती.

मला दुरुस्त केलं ते टेपरेकॉर्डर ठेवण्यासाठी. मंडळाने ठरवलं होतं की प्रत्येक चित्राची माहिती ध्वनिमुद्रित करायची. मुलं आली की बटण दाबायचं, आवाज सगळं सांगेल. आणि तो आवाज क्रांतीचा असावा, असं दादासोंना वाटलं. मास्तरांच्या वर्षश्राद्धाला, असं ते म्हणणार होते, पण तिच्या घरी श्राद्ध करत नाहीत हे आठवून ते अडखळले आणि म्हणाले, "मास्तरांच्या स्मृतिदिनाला आपण ते सुरू करू. तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार?"

ती हो म्हणाली.

दालन बंद असण्याच्या दिवशी ती सांगलीहून आली. दादासोंनी टेप माझ्यावर ठेवला, कोणती दोन बटणं एकदम दाबायची ते दाखवलं आणि ते निघून गेले. चंद्राबाई दारात बसून राहिली. क्रांतीने कागद काढले. एक चित्र वाचलं. दुसरं वाचलं. तिने लिहिलेलं उत्तम होतं, खोटं कशाला सांगू. आवाजही स्वच्छ. सगळी चित्रं झाली, 'दुपार' राहिलं.

"'दुपार'. तैलरंग. या चित्रातील स्त्री..." ती थांबली. टेप मागे नेला. पुन्हा बटण दाबलं. "या चित्रातील स्त्री..." पुन्हा मागे. मग ती उठून चालू लागली. खिडकीपर्यंत, परत. दारापर्यंत, परत. कागद हातात चुरगळला होता.

"बाई, च्या आनू का?" चंद्राबाईने विचारलं.

"नको, मावशी."

"मग बसा तरी. माझंच डोकं गरगराय लागलं."

क्रांती बसली नाही. ती चित्राखाली उभी राहून वर बघत होती. खालून तुम्हाला माहीत आहे काय दिसतं. बाई, सूप, उन्हाचा पट्टा.

"मास्तर असतं तर एव्हाना हात धरला असता बगा," चंद्राबाई म्हणाली. "तुमी न्हाईच म्हनला असता. तरी बी धरला असता."

क्रांतीने टेपचं बटण बंद केलं. टेप उचलून खिडकीत ठेवला. मग माझ्या कडेला दोन्ही हातांनी धरून मला ओढत 'दुपार'खाली आणलं. किती दिवसांनी मी हललो होतो. तिने पायातल्या चपला कधीच व्हरांड्यात काढलेल्या होत्या. ती वाकली. मला वाटलं, काही पडलं असेल. तिने मला हात लावला आणि तो कपाळाला नेला, मुलं करायची तसं.

मित्रांनो, यापुढे माझं बोलणं फार उरलेलं नाही. जे सांगायचं ते इथेच सांगून घेतो. वस्तू जपायची म्हणजे ती उंच ठेवायची, पुसून, पट्टी ठोकून, कुणाचा हात लागणार नाही अशी, असं चांगल्या चांगल्या माणसांना वाटतं. चित्रं तशी वर गेली. मी तसा भिंतीकडे गेलो. तुम्ही कधी साताऱ्याला आलात आणि एखाद्या दालनात माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात दिसला, तर त्याला ओढून चित्राखाली आणा. पाय ठेवा. आधी पाया पडायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी दुसरं चढत असेल तर त्याचा हात धरा आणि विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर गाडीची वेळ सांगू नका.

क्रांती चढली. मी हललो नाही, नवा पाय भक्कम होता. धरायची काही गरज नव्हती. तरी चंद्राबाई गुडघ्यावर हात देत उठली, लुगड्याला तळवा पुसला आणि वर करून तिचा हात धरला.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"चपला," क्रांती म्हणाली. "बाहेर तोंड केलेल्या."

"त्या समद्यांनाच दिसत्यात. फुडं?"

 क्रांतीचा भार हळूहळू चंद्राबाईच्या हाताकडे गेला, पूर्वी एकदा मास्तरांच्या हाताकडे गेला होता तसा.

"तिनंच त्या फिरवून ठेवल्यात," ती म्हणाली. "आणि ती मुद्दाम पाठ करून बसली आहे. तिनं वळून पाहिलं तर जाणाऱ्याचा पाय निघणार नाही, हे तिला माहीत आहे."

"व्हय," चंद्राबाई म्हणाली.

"पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला. तुम्ही चौकट पुसत होता." ती आता चंद्राबाईशी बोलत नव्हती, हे चंद्राबाईलाही कळलं. तिने हात सोडला नाही.

"आबा, मला जायचं नसायचं," क्रांती म्हणाली. "एकदाही नसायचं."